वैलावरचे पथ्य

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस रुग्णालयातून घरी येतो तेव्हा औषधांच्या पिशवीबरोबर आहाराचा एक कागदही घरी येतो. पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ, मग साधारण दोन आठवडे दाट द्रव, मग कुस्करलेले, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचे जेवण, असा क्रम त्यावर असतो. खाली सूचना असते: प्रथिने भरपूर, घास लहान, सावकाश चावून. या सूचना चुकीच्या नाहीत. त्यांच्यामागे कित्येक दशकांचा वैद्यकीय अनुभव आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या प्रश्नांना त्या कागदात उत्तर नसते. मऊ म्हणजे गुरगुट्या भात की अंड्याची भुर्जी? भरपूर प्रथिने म्हणजे वरणाच्या किती वाट्या? घरातल्या चौघांसाठी पोळी-भाजी करायची आणि पाचव्यासाठी रोज निराळे पातेले चढवायचे का, आणि ते किती वर्षे? माझे म्हणणे असे की, या प्रश्नांची उत्तरे हा उपचाराचाच भाग आहे. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत संपते. तिचा लाभ टिकवण्याचे काम पुढची सगळी वर्षे स्वयंपाकघरात चालते आणि ते काम नियोजनाने व मंद आचेवरच्या शिजवण्याने सोपे होते. हे शिकवण्याची जबाबदारी आपल्या वैद्यकीय व्यवस्थेने घेतली पाहिजे आणि पार पाडण्याची जबाबदारी सबंध घराने.

आधी शरीरात काय बदलते ते पाहू. सध्या सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्यात सुरुवातीला १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे आपली आमटीची एक वाटी, एवढेच मावते. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या काढलेल्या वरच्या भागात तयार होते, म्हणून भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा ठेवून तो लहान आतड्याला पुढे जोडतात. अन्न आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जाते आणि लोह, कॅल्शियम, बी-१२ यांचे शोषण कमी होते. या शस्त्रक्रियांचा उपयोग होतो यात आता शंका उरलेली नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक लोकांची तितक्याच, शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूल लोकांशी तुलना केली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते, दहाव्या वर्षी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. काही वजन परत आले. परत येण्यामागे शरीराची स्वतःची कारणे असतात आणि त्याचे सगळे खापर ताटावर फोडणे अन्यायाचे आहे. पण ज्या कारणांवर माणसाचा हात चालतो, त्यांत रोजचे जेवण पहिले आहे.

आणि इथे मराठी ताटाचा हिशेब मांडावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अनेकांना ८० ग्रॅमपर्यंत सांगितले जाते. ती मिळाली नाहीत तर वजन चरबीबरोबर स्नायूंतूनही उतरते, अशक्तपणा येतो, जखम भरायला वेळ लागतो. आता आपले रोजचे जेवण पाहा. एका फुलक्यात सुमारे तीन ग्रॅम प्रथिने. वाटीभर भातात तीन-चार. पातळ वरणाच्या वाटीत वीस ग्रॅम डाळ धरली तर पाचाच्या आत. पालेभाजीत एक-दोन. धडधाकट माणूस तीन पोळ्या, दोन वाट्या वरण, भात, वर दही असे खाऊन गरज कशीबशी भागवतो. ज्याच्या पोटात एका वेळी वाटीभरच मावते, त्याने तीच वाटी भाताने भरली तर दिवसभरात पंधरा-वीस ग्रॅमच्या पुढे जाणे कठीण. त्यात पोळीचा घास नीट चावला गेला नाही तर त्या अरुंद नळीत कणकेचा गोळा होऊन बसतो, मोकळा नसलेला भात चिकटतो, शेवग्याच्या किंवा गवारीच्या शिरा अडकतात. म्हणजे ज्यांच्याभोवती आपले ताट वाढले जाते ते पोळी आणि भात इथे आधी मागे सारावे लागतात. दोन अंडी (१२ ग्रॅम), शंभर ग्रॅम पनीर (१८), पन्नास ग्रॅम कोरड्या मुगाची किंवा मटकीची उसळ दोन वेळांत वाटून (१२), पावशेर दूध (८) आणि अर्धी-पाऊण वाटी चक्का असे दिवसभरात पाच-सहा वेळा विभागले, तर साठाच्या आसपास पोहोचता येते. अंडे न खाणाऱ्या घरात हा हिशेब आणखी काटेकोरपणे करावा लागतो, मांस-मासे खाणाऱ्या घरात थोडा सोपा होतो. पण कुठल्याच घरात तो आपोआप जुळत नाही. दुपारी बारा वाजता फ्रिज उघडून जे दिसेल ते घेणाऱ्याच्या हाती उरलेला भात, बिस्किटे किंवा फरसाण लागते. शस्त्रक्रिया झालेल्यांना आपण सहजपणे मनोनिग्रहाचे धडे देतो. मला वाटते, त्यांना निग्रहापेक्षा आदल्या रात्री भिजत घातलेल्या मटकीची गरज जास्त असते.

मंद आचेचा मुद्दा इथे येतो. शस्त्रक्रियेनंतर ज्या पदार्थांबद्दल सर्वाधिक तक्रारी होतात, त्यांत कोरडे मांस, विशेषतः कोंबडीच्या छातीचे तुकडे, वरच्या क्रमांकावर असतात. मोठ्या आचेवर मांसातली प्रथिने आवळली जातात, पाणी पिळून बाहेर पडते आणि उरतो तो दोऱ्या दोऱ्यांचा तुकडा. तोच प्राणी, पण मांडीचा किंवा नळीचा भाग घेतला आणि रश्श्यात दोन-तीन तास मंद ठेवला, तर तिथली कोलॅजनची जाळी विरघळून तिचे जिलेटिन होते, आणि मांस बोटाने सुटते. ओलसर राहते, चावायला हलके जाते आणि लहान कप्प्यात अडत नाही. कोल्हापूर-सोलापूरकडे तिखट घालण्याआधी बाजूला काढला जाणारा अळणी रस्सा किंवा नळ्यांचे सूप हे याच तत्त्वावरचे पदार्थ आहेत. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला तेच देण्याची रीत पडली ती अनुभवातून. कडधान्यांचेही तसेच. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून संथपणे शिजवलेली मटकी आतून पूर्ण मऊ होते आणि दाणा मात्र अख्खा राहतो. भिजवण्या-मोडवण्यात पोटात वायू धरणाऱ्या साखरा कमी होतात. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातला तर दाणा कितीही वेळ ठेवला तरी टणक राहतो, म्हणून आंबट शेवटी घालायचे, हे जुन्या हातांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होते. माशाला हे लागू नाही. बोंबील, पापलेट, रावस पाच-दहा मिनिटांत शिजतात आणि जास्त ठेवले की बिघडतात. मुळात मऊ असल्याने या पथ्यात मासा फार उपयोगी, आणि किनारपट्टीच्या घरांना त्याचा फायदा आहे.

आपल्या चुलीला मुख्य तोंडाबरोबर वैल असायचा. पुढे भाकरी भाजली जायची आणि मागे वैलावर, फक्त उरलेल्या धगीवर, आमटी किंवा दूध तासन्‌तास राहायचे. वेगळे सरपण लागत नसे, कुणाला उभेही राहावे लागत नसे. बंगालमधल्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली बनवलेला इकमिक कुकर म्हणजे त्या कल्पनेचे डब्यात बसवलेले रूप होते: खाली निखारे, वर डाळ-भात-भाजीचे डबे, आणि काही तासांनी वाफेवर तयार जेवण. अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन यांना विजेवर चालणाऱ्या अशाच भांड्याचे पेटंट १९४० साली मिळाले आणि १९७१ पासून ते क्रॉक-पॉट या नावाने घरोघरी गेले. तिकडे शस्त्रक्रियेनंतरच्या स्वयंपाकात ते भांडे इतके रुळले आहे की स्लो कुकर ही परदेशी आहारपद्धती असल्याचा समज आपल्याकडे होतो. प्रत्यक्षात झाकणावर पाणी ठेवून वाफेवर भाजी करणारे प्रत्येक मराठी घर हे तंत्र जाणते. जाड बुडाचे पातेले, शेगडीचा सर्वांत लहान बर्नर आणि घट्ट झाकण एवढ्यावर काम भागते. विजेचे भांडे घेता आले तर सोय होते, नसले तर अडत नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे आणि मंद आचेच्या कौतुकात ती राहून जाते. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते खळखळ उकळल्याने नष्ट होते, पण ८० अंशांच्या आसपासच्या मंद शिजण्यात टिकून राहते, किंबहुना कच्च्या दाण्यापेक्षा अधिक तीव्र होऊ शकते. सातारा जिल्ह्यात पिकणारा वाघ्या घेवडा याच जातीचा. तेव्हा राजमा किंवा घेवडा रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचे, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास जोरात उकळायचा आणि मगच मंद भांड्यात घालायचा. प्रेशर कुकरमधून काढलेल्याला हा धोका नाही. नव्या पोटात उलट्यांचा त्रास साध्या पोटापेक्षा महागात पडतो, त्यामुळे ही गोष्ट आहाराच्या कागदावर ठळक अक्षरांत हवी. तेच शिळ्याचे. मंद शिजवलेले अन्न रात्रभर ओट्यावर ठेवणे आणि सकाळी कोमट करून खाणे टाळले पाहिजे. लहान डब्यांत घालून, निववून लगेच फ्रिजमध्ये आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम, हा नियम आहे.

यावर जाणकारांकडून येणारा सर्वांत गंभीर आक्षेप असा: मऊ अन्न सहज घसरते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी माणसाच्या लक्षात येते की घट्ट घास त्रास देतो, पण शिरा, मऊ खिचडी, आइस्क्रीम, मिल्कशेक, भिजवलेली बिस्किटे विनासायास जातात. पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच ती पुढे सरकतात, दिवसभर थोडेथोडे खाणे सुरू होते आणि वजन परतू लागते. मग मऊ शिजवण्याचा पुरस्कार म्हणजे त्या वाटेला निमंत्रण नव्हे का? हा आक्षेप खरा आहे आणि माझ्या मांडणीला त्याने मर्यादा घातली पाहिजे. मात्र मंद आचेवर शिजलेले आणि मिक्सरमधून काढलेले यांत फरक आहे. मऊ शिजलेल्या अख्ख्या मटकीला, खिम्याला, रश्श्यातल्या मांसाच्या तुकड्याला चावावे लागते. ते पोटात काही वेळ थांबते. पहिल्या महिन्यातले कढण आणि पेज ही पायरी आहे, मुक्काम नाही. नियोजनात पोत हळूहळू वाढवत न्यायला हवा: मुगाच्या कढणाकडून घट्ट वरणाकडे, घट्ट वरणाकडून मोड आलेल्या उसळीकडे, भुर्जीकडून उकडलेल्या अंड्याकडे. वर्षभरानंतरही कुणी केवळ गुरगुट्या भात आणि मेतकुटावर राहत असेल, तर ते पथ्य बिघडल्याचे लक्षण समजावे. म्हणूनच मी शिजवण्याच्या पद्धतीला नियोजनापासून वेगळे करायला तयार नाही. नियोजनाशिवायची मंद आच शिऱ्याकडे नेते.

गोडाबद्दल थोडक्यात. बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरली की अर्ध्या तासात छाती धडधडणे, घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून चक्कर येते. गूळ नैसर्गिक आहे, मध आयुर्वेदात आहे, या युक्तिवादांनी आतड्याला फरक पडत नाही. पाणीही जेवताना न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने, घोट घोट, दिवसभरात दीड लिटरच्या आसपास प्यावे लागते. ताटाशेजारी तांब्या-भांडे ठेवण्याची आणि शेवटी ताक पिण्याची आपली सवय इथे मोडावी लागते. ताक चांगलेच आहे, फक्त त्याची वेळ दुपारी चारची करावी. उपवासाचा प्रश्न अधिक अवघड, कारण साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि तेही चिकट. ज्यांना उपवास सोडायचा नाही त्यांच्यासाठी शेंगदाण्याची पातळ आमटी, दूध, राजगिरा असे पर्याय आपल्याच परंपरेत आहेत. आणि मग आग्रह. 'एवढेसेच?' हा शब्द प्रेमाने उच्चारला जातो, पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तो पंगतीत दर वेळी स्वतःच्या आजाराचे स्पष्टीकरण द्यायला लावतो. लहान ताटात वाढलेले पुरेसे आहे, हे इतरांनी एकदा समजून घेतले की त्याचे निम्मे ओझे उतरते.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो: हे सगळे करणार कोण? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करताना दिसल्या, पुरुष ८८. या घरांत वेगळे पथ्य, वेगळी पातेली, सहा वेळचे खाणे यांची भर पडली तर ती कुणाच्या अंगावर पडणार हे उघड आहे. शस्त्रक्रिया नवऱ्याची झाली तर बायको दुसरा स्वयंपाक करू लागते. बायकोची झाली तर ती घरासाठी पोळ्या लाटून शेवटी स्वतःसाठी उभ्याने काहीतरी खाते. दुसऱ्या परिस्थितीत पथ्य मोडले तर त्याला तिचा दोष म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. म्हणून नियोजनाचा पहिला नियम असा हवा की पातेले एकच असावे. मटकीची उसळ सगळ्यांची. शस्त्रक्रिया झालेला माणूस ती पाऊण वाटी पोळीशिवाय खातो, मुले पावाशी, बाकीचे भाकरीशी. कोंबडीचा रस्सा एकाच पातेल्यात, तिखट आणि तेल वरून आपापले. पिठले घट्ट हवे त्याला घट्ट, सरसरीत हवे त्याला सरसरीत, पण शिजते एकदाच. घरातल्या इतरांनाही या बदलाने तोटा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले होते. ताटात डाळ-कडधान्य वाढणे आणि पोळी-भात घटणे याची गरज त्या एकट्या माणसापुरती नाही.

वेळेचा प्रश्न यातून पुरता सुटत नाही, हे मान्य. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला तीन तासांचा रस्सा सांगणे चेष्टेसारखे वाटेल. पण मंद आचेला लागतात ते घड्याळाचे तास, माणसाचे नव्हेत. भिजत घालायला दोन मिनिटे, मोड बांधायला तीन, फोडणी देऊन झाकण ठेवायला दहा. रविवारी दोन कडधान्ये आणि एक रस्सा शिजवून वाटीच्या मापाचे डबे भरून ठेवले, तर आठवड्याच्या मधल्या दिवसांना अंडी, पनीर आणि चक्का पुरतात. तीन दिवसांपलीकडचे डबे बर्फाच्या कप्प्यात जावेत. गॅसचा खर्च हाही खरा मुद्दा. त्यावर कुकरच्या एक-दोन शिट्ट्यांनंतर ज्योत बारीक करणे, किंवा उकळलेले पातेले जाड कापडात गुंडाळून पेटीत ठेवणे हे उपाय आहेत. कुकरशी माझे भांडण नाही. डाळ, दुधी, भोपळा यांना तो उत्तमच. आणि रविवारचे ते काम घरातल्या पुरुषांनी उचलले तर ८८ हा आकडा थोडा तरी हलेल.

तिसरा आक्षेप बाजाराकडून येतो. एका डब्यात चमचाभर पावडर, तिच्यात २०-२५ ग्रॅम प्रथिने, दुधात ढवळले की झाले. कशाला हवी मटकी? पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा द्रवाशिवाय काही चालत नाही, तेव्हा पावडर आवश्यक असते आणि डॉक्टरांनी सांगितलेली बंद करू नये. पण ती आयुष्यभराचे जेवण होऊ शकत नाही. मध्यमवर्गीय घराला तो दरमहा खर्च झेपत नाही, महिनाभरात चव नकोशी होते आणि ती पिऊन माणूस चावायला, थांबायला, पोट भरल्याची खूण ओळखायला शिकत नाही. याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच घातक आहे: घरचे सकस जेवण मिळत असल्यावर गोळ्या कशाला? जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या गोळ्यांना या शस्त्रक्रियांनंतर स्वयंपाकघरात पर्याय नाही. बी-१२ शाकाहारी ताटात आधीच तुटपुंजे असते आणि बदललेल्या जठरातून त्याचे शोषण आणखी घटते. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या दोन तासांच्या अंतराने घ्याव्या लागतात, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर फुकट जाते. सतत उलट्या होत असतील तर थायमिनची कमतरता काही आठवड्यांत मेंदूला इजा करू शकते. अशा वेळी पेज बदलून पाहत न बसता तातडीने रुग्णालयात जायला हवे. पथ्याचा आग्रह धरणाऱ्याने त्याची हद्दही सांगितली पाहिजे.

२०२५ साली वजन उतरवणारी साप्ताहिक इंजेक्शने आपल्या औषध दुकानांत आली तेव्हा, आता शस्त्रक्रियेचे दिवस संपले आणि पथ्याचेही, असे बोलले जाऊ लागले. शस्त्रक्रियेबद्दल काय होईल ते तज्ज्ञ ठरवतील. पण इंजेक्शनानेही भूक मरते, घास कमी होतात आणि त्या थोडक्या घासांत पुरेशी प्रथिने बसवण्याचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. म्हणजे पोटात थोडे मावणाऱ्या माणसाचा स्वयंपाक कसा करायचा हे कळण्याची गरज असलेली घरे वाढणारच आहेत.

ते शिकवायचे कुणी? विमा नियामकाने २०१९ साली ठरवलेल्या चौकटीत ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या रुग्णाची स्थूलतेवरची शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. बीएमआय किमान ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, ही त्यांतली मुख्य अट. हे पाऊल स्वागतार्ह होते. पण आपला आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचलेला आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेचे काही लाख मंजूर होतात आणि सहाव्या महिन्यातल्या आहारतज्ज्ञाच्या भेटीचे काहीशे रुपये रुग्णाने खिशातून द्यायचे असतात. साहजिकच वर्षभरात या भेटी विरळ होत जातात. माझी मागणी मोठी नाही. शस्त्रक्रियेच्या खर्चातच पुढच्या दोन वर्षांच्या आहारभेटी आणि रक्ततपासण्या धराव्यात. त्यांतली पहिली भेट शस्त्रक्रियेच्या आधी व्हावी आणि तिला घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती, मग ती कुणीही असो, बरोबर असावी. कागद मराठीत असावा, मापे ग्रॅमबरोबर वाटी-चमच्यात असावीत, आणि त्यावर चिकन ब्रेस्ट व ग्रीक योगर्टच्या जागी मटकी, चक्का, बोंबील, खिमा आणि ताकातला पालक असावा. पुढच्या भेटींच्या वेळाही स्वयंपाकघराच्या अडचणी पाहून ठरवाव्यात. सहाव्या आठवड्यात, कारण तेव्हा पोळीचा पहिला तुकडा तोंडात जातो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कारण तेव्हा केस गळू लागतात आणि घाबरलेले घर कुणाचेही सल्ले ऐकू लागते. आणि पहिले वर्ष उलटल्यावर, जेव्हा वजनाचा काटा थांबतो, भूक पुन्हा जाणवू लागते, अभिनंदनाचे फोन बंद झालेले असतात आणि रात्री कडधान्य भिजत घालायचे हळूहळू विसरायला होते.